अल्पशिक्षित महिलेला काय समजले

रोग पसरायला दोन दिवस लागतात. तो पसरू नये म्हणून काय करावं हे सांगायला अकरा महिने लागतात, कारण रोगाला वरिष्ठांची सही लागत नाही.

हे सांगण्याचं थोर काम करणाऱ्या कचेरीत माझी सून आहे. पाच वर्षं हंगामी. साहेबांनी शब्द दिला होता की यंदाचं पोस्टर मंजूर झालं तर कायम, नाही तर घरी. सुनेने पहिल्याच दिवशी, डबा उघडायच्या आत, पोस्टर लिहून टाकलं: ‘पाणी उकळून प्या.’ साहेबांनी ते तीनदा वाचलं आणि काळजीत पडले. समितीवर माणसं नऊ. अक्षरं मोजली तर सात. दोघं रिकामे बसणार.

तिथला एक नियम फार चांगला आहे. पोस्टर भिंतीवर लावण्याआधी ते एका अल्पशिक्षित महिलेला दाखवायचं आणि तिला काय समजलं ते तेरा रकान्यांच्या फॉर्मात भरायचं. अशी महिला शोधायला सुनेला लांब जावं लागलं नाही. मी चौथीत शाळा सोडली. (शाळेनेही धरून ठेवलं नाही.)

पहिली चाचणी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी झाली.

“काय समजलं?”

“पाणी उकळून प्यायचं.”

सुनेचा चेहरा पडला. “अहो आई, असं लगेच नाही समजायचं. बारा रकाने रिकामे राहतात, मग फॉर्म परत येतो. जरा शंका काढा ना.”

शंका काढायला मला शिकवावं लागत नाही. मी बारा वर्षं सासू आहे. पोस्टरवरच्या चित्रातली बाई पाणी उकळतेय आणि बाप्या नुसता पितोय, तो आजारी आहे का? भांड्यावर झाकण का नाही? शेगडीशी कुणी एवढे चांगले कपडे घालतं का?

प्रत्येक शंकेवर एक बैठक झाली. बाप्याला शेगडीशी उभं केलं, मग तो फारच खूश दिसतो म्हणून काढला. बाई गेली, भांडं गेलं. शेवटी डोळे असलेला एक पाण्याचा थेंब उरला. नवव्या चाचणीला त्याच्याखाली लिहिलं होतं: ‘नागरिकांनी पेयजल उत्कलनबिंदूपर्यंत तापवून, यथोचित शीतलीकरणानंतर सेवन करण्याबाबत सकारात्मक विचार करावा.’ मला काहीही कळलं नाही. तेराही रकाने भरले. समितीने सुनेचं अभिनंदन केलं आणि पोस्टर अंतिम सहीसाठी पाठवलं. (सही करणारे रजेवर होते. पोट बिघडलं होतं.)

तोवर आमच्या गल्लीत जुलाब सुरू झाले होते. अकरा घरं, त्यातली सात आजारी. नळाची पाइपलाइन गटारातून जाते हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच खात्यात येत नव्हतं. मी दारोदार जाऊन ते मंजुरी नसलेले तीन शब्द तोंडी सांगितले. जिथे “बघू” म्हणाले, तिथे पातेलं मीच शेगडीवर चढवलं आणि उकळी फुटेपर्यंत हलले नाही. पंधरा दिवसांत सहा घरं बरी झाली.

अहवालात लिहिलं: पोस्टरचा परिणाम चौऱ्याऐंशी टक्के, थंड हवेचा सोळा. पोस्टर तेव्हा छापखान्यात पोचलंही नव्हतं. सून कायम झाली. पत्र तिने नवऱ्याच्या आधी मला आणून दाखवलं. मी म्हटलं, “चष्मा सापडत नाहीये, तूच वाच.” तिने दोनदा वाचलं.

माझी नेमणूक मात्र गेली. नऊ चाचण्या दिलेली महिला नियमाप्रमाणे प्रशिक्षित ठरते. शिवाय साहेबांच्या लक्षात आलं की अडाणी माणसं सांगितलेलं करून मोकळी होतात, त्यांच्या जिवावर खातं चालत नाही. सातवं घर कोपऱ्यावरच्या प्राध्यापकांचं. “काकू, मी यावर पुष्कळ वाचलंय,” असं मला सांगून ते नळाचंच पाणी पीत राहिले, आणि अजून घराबाहेर पडू शकलेले नाहीत. खात्याला आता असेच लोक हवेत: सगळं शेवटपर्यंत वाचणारे, पटलं म्हणून मान डोलावणारे, मध्ये दोनदा हसणारे, आणि मग उठून नळाखाली पेला धरणारे. साहेबांनी मला एखादं नाव सुचवायला सांगितलं.

मी तुमचं दिलंय.