किमान वेतन, कमाल सहानुभूती

माणसाला त्याच्या कष्टाचा योग्य मोबदला मिळालाच पाहिजे, याबद्दल कोणत्याही सभ्य माणसाचं दुमत नाही. मतभेद आहेत ते फक्त तो कोणी द्यायचा, या एका किरकोळ मुद्द्यापुरते.

त्यामुळे सरकारने किमान वेतन वाढवल्याची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत मोठं समाधान पसरलं. गल्ली सुधारणा समितीचा चिटणीस या नात्याने मी तातडीची बैठक बोलावली आणि सरकारच्या अभिनंदनाचा ठराव मंजूर करून घेतला. (पोच अजून आलेली नाही.) हजर सभासदांपैकी शंभर टक्के सभासद वाढीच्या बाजूने होते. त्यांच्यापैकी कोणालाच कोणाचा पगार द्यावा लागत नव्हता, हा निव्वळ योगायोग समजावा.

आमच्या गल्लीत दुकानं चार. सायकल दुरुस्ती, बेकरी, सलून आणि लाँड्री. चारही दुकानदारांनी कायद्याचं मनापासून स्वागत केलं आणि तो आपल्याला लागू होत नाही हे सिद्ध करण्याच्या कामाला लागले.

सायकलवाल्याकडे नोकर नव्हताच. त्याने स्वतःची वेतनवाढीची मागणी स्वतःच ऐकून घेतली, स्वतःच फेटाळली आणि तो पुन्हा पंक्चर काढायला बसला. इतक्या शांततेत मिटलेला कामगार-तंटा माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

बेकरीवाल्याने कामाची व्याख्या तपासली. कारागिराचे हात पिठात असतात तेवढा वेळ काम. पीठ फुगतं आणि पाव भाजतो तो वेळ विश्रांती, आणि विश्रांतीला वेतन नसतं. कारागिराने हे म्हणणं तंतोतंत पाळलं. तिसऱ्या दिवशी भट्टीतून काळा धूर येऊ लागला तेव्हा तो बाहेर कट्ट्यावर पाय पसरून बसला होता. मालक धावत आला, ओरडला, "अरे, जळतंय आत!" कारागीर म्हणाला, "वास येतोय मला. पण मी विश्रांतीत आहे." त्या दिवशी गल्लीला पाव मिळाला नाही. कायद्याचे दुष्परिणाम म्हणून मी त्याची नोंद करून ठेवली आहे.

सलूनवाल्याने आपल्या कारागिराला शिकाऊ उमेदवार म्हणून जाहीर केलं. या उमेदवाराला नातवंडं आहेत. दारावर तशी पाटी लागताच, ज्यांची डोकी तो वर्षानुवर्षं भादरत आला होता ते सगळे सवलत मागू लागले. मीही मागितली. शिकाऊ हातात वस्तरा द्यायचा म्हणजे ग्राहक केवढी जोखीम घेतो!

पण खरा प्रयोग झाला तो लाँड्रीत.

लाँड्रीचा मालक मनाने चांगला. नोकरांना काढून टाकणाऱ्यांतला तो नव्हता, आणि त्यांचा पगार वाढवणाऱ्यांतलाही नव्हता. त्याच्याकडे माणसं दोन. इस्त्री करायला मावशी आणि धुलाईला पैलवान. (पैलवान अंगाने इतका किरकोळ, की ओली चादर उचलली की चादरच चालत आल्यासारखी दिसे.) मालकीणबाई सकाळभर काउंटर सांभाळत, पण त्या घरच्याच, म्हणून मोजणीत नव्हत्या.

मावशींचा दिवस लाँड्रीत सुरू होत नसे. पहाटे त्या एका कचेरीचे सहा मजल्यांचे जिने पुसत आणि मग इस्त्रीला उभ्या राहत. वाढीची बातमी ऐकली त्याच दिवशी त्यांनी जिन्यांना रामराम ठोकला. पैलवानाला म्हणाल्या, "आता उजाडल्यावर उठणार मी. माणसासारखी." दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या तेव्हा केस नीट विंचरलेले होते. मालकीणबाईंनी विचारलंसुद्धा, "काय हो मावशी, पाहुणे येणार आहेत का?"

इकडे मालक वरच्या मजल्यावरच्या सल्लागाराकडे गेला. सल्लागार कामगार कायद्यातला जाणकार. फी घेत नसे. त्याचे कपडे फुकट धुतले जात.

"दोघांना भागीदार करून टाका," सल्लागार म्हणाला.

"म्हणजे दुकान वाटून देऊ?"

"दुकान नाही हो, नफा. वेतन नोकराला द्यावं लागतं. भागीदाराला नफ्यातला वाटा. तुमचा नफा किती?"

मालकाचा चेहरा पडला. "कुठला आलाय नफा!"

"मग त्यातलं कितीही वाटा. तुमचं काय जातंय?"

असा सल्ला फुकट देणारा माणूस आमच्या गल्लीत राहतो, याचा आम्हाला अभिमान आहे.

सह्यांच्या दिवशी मी साक्षीदार होतो. मालकाने छोटंसं भाषण केलं. "आजपासून आपण सगळेच मालक," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच भरून आला.

पैलवानाने विचारलं, "मग नोकर कोण?"

"कोणीच नाही," सल्लागार म्हणाला. "हीच तर प्रगती आहे."

महिनाअखेरीस प्रगतीचा हिशेब झाला. मालकाने दोन्ही हात वर करून सांगितलं, या महिन्यात नफा नाही. पैलवानाने कपाळाला हात लावला. मावशी आरडाओरडा करतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्यांनी तसं काही केलं नाही. इस्त्री उभी करून ठेवली, काउंटरमागे गेल्या आणि दुकानातल्या एकुलत्या एका पंख्याखाली, मालकाच्या खुर्चीत बसल्या.

"मावशी, कपडे पडलेत," मालक म्हणाला.

"पडू देत. दुपारी मालक कुठे बसतात ते इतकी वर्षं बघतेय मी. आता मीपण मालक." मग त्यांनी फळीवरच्या एका गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "हे कोणाचं? याच्यावर कधी चिठ्ठी नसते, बिल नसतं. नफा नाही म्हणता, मग हे काय आहे?"

तो गठ्ठा नातेसंबंधांचा होता. मालकाचे दोन मेहुणे, एक जावई, वरचा सल्लागार आणि समितीचा चिटणीस, एवढ्या मंडळींचे कपडे त्यात असत. (शेवटच्या व्यक्तीबद्दल गैरसमज नको. गल्लीची कामं करायची तर अंगात कडक शर्ट लागतो.) मावशींनी प्रस्ताव मांडला की हे फुकट बंद. पैलवानाने हात वर केला. दोन विरुद्ध एक. लोकशाही छोट्या धंद्यांना किती घातक ठरू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

बिलं गेली. जावयाने मुकाट्याने भरलं, मेहुण्यांनी बहिणीला फोन केले. मालकीणबाई तरातरा दुकानात आल्या.

"माझ्या भावांना बिल पाठवायची हिंमत कोणाची झाली?"

"माझी," मावशी म्हणाल्या. "वहिनी, तुमचे भाऊ चांगले आहेत. पण खांदा माझा दुखतो."

मालकीणबाई काही तरी जोरात बोलणार होत्या. पण मावशींनी बोलताबोलता डाव्या हाताने उजवा खांदा धरला होता, तिकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांचा राग भलतीकडेच वळला.

"आणि मी? रोज सकाळी इथे मी उभी असते. लोकांची बोलणी मी खाते. मला यांनी कधी एक दमडी दिली?"

"तुम्ही भागीदार नाही?" पैलवानाने भाबडेपणाने विचारलं.

"मी बायको आहे."

सल्लागाराला वरून बोलावून घेतलं. त्याने स्पष्ट केलं की बायको या पदासाठी कायद्याने किमान काहीच ठरवलेलं नाही. (स्वतःचं बिल नुकतंच मिळाल्यामुळे तो जरा घुश्श्यात होता.) लगेच मतदान झालं आणि मालकीणबाई चौथ्या भागीदार झाल्या. मालकाने विरोधात मत दिलं आणि त्यानंतर काही दिवस तो दुकानातच झोपला.

पुढच्या महिन्यात दुकानाला पहिल्यांदाच नफा झाला. तो चौघांत सारखा वाटला. प्रत्येकाच्या वाट्याला आलं ते किमान वेतनापेक्षा कमीच. मावशी आणि पैलवानाला याचं नवल वाटलं नाही. पण मालक त्या वाट्याकडे बघतच राहिला. नोकरांचे पगार, भाडं, वीज जाऊन उरेल ते आपलं, अशी त्याची आजवरची पद्धत. आपलं म्हणजे नेमकं किती, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी त्याने सकाळी शटर उघडण्यापासून रात्री बंद करण्यापर्यंतचे तास मनातल्या मनात धरले आणि तो दुकानाच्या पायरीवर मटकन बसला.

"म्हणजे मला पण कधीच मिळालं नाही," तो म्हणाला. "जुनं किमानसुद्धा नाही. मग मी इतकी वर्षं मालक होतो तो कशाचा?"

"काळजीचा," मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारी बसल्या. मावशींनी चहा मागवला. पैलवान उभाच होता. पायरीवर जागा नव्हती.

चहा पिता पिता चौघांनी ठरवलं की दर वाढवायचे. किती, तर शर्टामागे अर्ध्या कप चहाचे पैसे होतील, तेवढेच. मालकीणबाईंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहिली: 'दर थोडे वाढले आहेत. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाला आता किमान वेतन मिळेल.' मावशी त्या दिवशी काम करता करता काही तरी गुणगुणत होत्या, असं पैलवान सांगतो.

पाटीला अपूर्व प्रतिसाद मिळाला. लोक थांबून वाचत. काही जणांना गहिवरून आलं. एका तरुण जोडप्याने पाटीसमोर फोटो काढला. आणि मग सगळे आपापले कपडे घेऊन दुसरीकडे गेले.

यात विसंगती पाहणारे लोक असतात, म्हणून समितीची भूमिका स्पष्ट करतो. आमचा पाठिंबा तत्त्वाला होता; दराला नव्हता. तत्त्व समाजाचं असतं, दर खिशातून जातो. त्यातच एका मोठ्या कंपनीने फोनवरून कपडे मागवून नेण्याची सेवा सुरू केली. दर लाँड्रीच्या जुन्या दरांपेक्षाही कमी. ते कसे परवडतात, हे विचारण्याची सोय त्या फोनमध्ये नाही. कपडे कोण धुतं, कोण इस्त्री करतं, त्याचा खांदा दुखतो का, यातलं काहीही आपल्याला दिसत नाही, आणि सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. समितीच्या पाहणीनुसार गल्लीतल्या दहापैकी नऊ घरांनी ही सेवा घेतली. दहाव्या घरी कुलूप होतं.

चौघांनी काही महिने रेटलं. मावशी पुन्हा कचेरीत जिन्यांचं काम मागायला गेल्या. तिथे दुसरी बाई लागली होती. शेवटी यंत्रं विकली, भाडं चुकतं केलं आणि शटर खाली आलं. समितीने निरोपसमारंभ ठेवला. 'छोटे व्यवसाय हाच गल्लीचा आत्मा' या विषयावर मी बोललो. बरंच बोललो. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकीणबाई मध्येच उठून गेल्या. त्यांना शब्द सहन झाले नसावेत.

आता सगळे मार्गी लागले आहेत. पैलवान एका गोदामावर रखवालदार आहे. (चोर त्याला पाहून काय करतील, याची चिंता गोदामवाल्याने करायची.) मालकीणबाई एका दवाखान्यात काउंटरवर बसतात आणि त्यांना पगार मिळतो, आयुष्यात पहिल्यांदा. मावशी त्याच कंपनीच्या शहराबाहेरच्या शेडमध्ये नगावर इस्त्री करतात. कंपनीत नोकर असा शब्दच नाही, सगळे 'सहयोगी'. त्यामुळे त्यांना किमान वेतनही लागू नाही. पहाटेची गाडी पकडावी लागते, म्हणून त्या पुन्हा अंधारातच उठतात. आणि मालक कंपनीची पिशवी खांद्याला लावून घरोघर कपडे पोचवतो.

परवा तो माझ्याच दारात उभा होता.

"साहेब, तुमचे शर्ट."

मी आपुलकीने विचारलं, "काय म्हणतंय? बरं चाललंय ना?"

"चाललंय," तो म्हणाला. "काळजी तेवढी कंपनीची. बाकी सगळं माझं."

तो चार मजले चढून आला होता. धाप लागली होती. मी पाणी आणावं म्हणून वळलो, तेवढ्यात माझा फोन वाजला. सेवा कशी वाटली, किती तारे द्याल? मी चार दिले. पाच दिले की माणसं सैल पडतात. मग दुसरा प्रश्न आला: आपल्या सहयोग्यासाठी स्वेच्छेने काही रक्कम द्याल का? खाली दोन बटणं. 'हो' आणि 'आत्ता नको'. मालक मुद्दाम जिन्याकडे बघत उभा होता. सभ्य माणूस.

मी 'आत्ता नको' दाबलं. आत्ता नको म्हणजे कधीच नको, असा त्याचा अर्थ होत नाही. पाणी आणेपर्यंत तो खाली उतरूनही गेला होता. त्याला पुढची घरं होती.

कंपनीची आकडेवारी असं सांगते की शंभरातले दोघं 'हो' दाबतात. ही हकीकत वाचून माझा संताप आलेले मात्र शंभरातले शंभर असणार, याची मला खात्री आहे. मधले अठ्ठ्याण्णव कोण, याचा छडा लावण्यासाठी समितीने एक उपसमिती नेमायचं ठरवलं आहे. त्यात एक जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. येताना जरा इस्त्रीचा शर्ट घालून या.