आज माझ्याकडून

आमच्या गावातल्या हॉटेल अन्नछायामध्ये बिलाचा निकाल रीतसर लागल्याशिवाय माणसाला बाहेर पडता येत नाही. हात धुवायला उठता येतं, मागं संडासला जाता येतं. पण दाराकडं निघालं की पाय वळतात आणि परत आपल्या खुर्चीपाशी येतात. बाहेरगावची माणसं एकदा दचकतात, मग हिशोब करतात आणि जातात.

बहुतेक टेबलं पटकन सुटतात. कधी कुणी म्हणतं की पापड मी खाल्लाच नाही, मग वेळ लागतो. एकदा दोन व्याही एकमेकांना पैसे देऊ देत नव्हते, ते दिवाळीपर्यंत बसले होते असं सांगतात.

माझा मोठा भाऊ दिगंबर याच हॉटेलात जेवता जेवता गेला. तो बियाणांच्या कंपनीत कामाला होता. ऑफिसातले चौघं जण पगार झाला की इथं जेवायला यायचे. त्या दिवशी दादा डाव्या अंगाला कलंडला तो कलंडलाच. वेटरांनी उचलून रिक्षात घातला. दवाखान्यात डॉक्टरांनी पापण्या वर करून बघितल्या आणि बाहेर थांबायला सांगितलं. मी टायरच्या दुकानातून तसाच काळ्या हातांनी पळत गेलो होतो. त्यांनी मला आधी हात धुवायला सांगितलं. हात धुऊन आलो तर चादर वर ओढलेली.

मसणवाट्यात दादाच्या ऑफिसातलं कुणी आलं नाही. राख सावडायला नाही, दहाव्याला नाही. आई दाराकडं बघून विचारायची, "त्याच्या हापिसातलं कुणी आलं नाही का रं?" मी म्हणायचो, येतील. तेरावा झाला तरी कुणी आलं नाही, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी सायकल काढली आणि ऑफिस गाठलं. तिथं कुलूप. वॉचमन म्हणाला, "सगळे अन्नछायात जेवतायत."

माझा भाऊ गेला आणि हे जेवतायत. मी सायकल हॉटेलच्या दारात टाकली, उभी पण केली नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर तिघं बसले होते. तांबोळी साहेब, हे ऑफिसचे मुख्य, पांढऱ्या दाढीचे. वैजयंती मॅडम, या हिशोबाचं बघतात. आणि शेटे, तो दादाच्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. चौथी खुर्ची रिकामी होती. मी जाऊन शेटेची कॉलर धरली. धरल्यावर बघितलं तर त्याचं डोकं भादरलेलं होतं आणि आता बारीक केस येत होते. मला काही कळेना. समोर ताटात नुसतं वरण-भात होतं. तुपाचा थेंब नाही, लोणचं नाही.

"सोड रे त्याला," तांबोळी साहेब म्हणाले. "तू अंकुश ना? बस."

मी बसलो नाही. उभ्यानंच विचारलं की माझ्या भावाला खांदा द्यायला तुम्हाला वेळ नव्हता का. मॅडमनी पदर तोंडाला लावला. मग साहेबांनी सगळं सांगितलं.

हे चौघं एरवी टीटीएमएम करायचे. ज्यानं जे खाल्लं त्याचं त्यानं द्यायचं. त्या दिवशी मात्र मुरली वेटर पाण्याचे ग्लास ठेवत असताना दादा म्हणाला होता, आज माझ्याकडून. वेटरसमोर बोललेला शब्द या हॉटेलात मोडता येत नाही. पार्टी दादाची झाली होती, म्हणून बिल दादानंच द्यायला हवं होतं. तो गेला त्या क्षणापासून या तिघांनी सगळं करून बघितलं. समान वाटे केले. साहेबांनी एकट्यानं दिलं. कंपनीच्या खात्यातून दिलं. पैसे गल्ल्यात पडायचे आणि हे दारापर्यंत जाऊन परत यायचे.

गल्ल्यावर बसाप्पा मालक होते. ते म्हणाले, "दिगंबरला उचलून नेलं तेव्हा दारात कुठं अडलं नाही. बिल न देता सरळ बाहेर गेला. मी तेव्हाच समजलो."

मी विचारलं की मग मला का बोलावलं नाही.

"ज्या घरात माणूस गेलाय," मॅडम म्हणाल्या, "तिथं बिल कसं मागायचं, भाऊ?"

म्हणून ते बसून राहिले होते. घरचे लोक कपडे आणून द्यायचे. मॅडमची मुलगी शाळा सुटल्यावर इथंच अभ्यासाला यायची. तांबोळी साहेबांच्या भाचीचा निकाह झाला, तो त्यांनी मुरलीच्या मोबाइलवर बघितला. दादाच्या नावावर जास्त बिल चढू नये म्हणून ते वरण-भातच मागवत होते, गोड अजिबात नाही. दहाव्या दिवशी न्हाव्याला बोलावून शेटेनं मागच्या नळाजवळ डोकं केलं होतं. म्हणजे आम्ही घरी जे पाळलं ते यांनी इथं पाळलं होतं. मी भांडायला आलो होतो, आता कुणाशी भांडायचं ते कळेना. मग मी दादाच्या खुर्चीत बसलो.

बसाप्पांनी सांगितलं की दादाचं मी देऊ शकतो. रक्ताचा माणूस असला की चालतं. खिशात पैसे होते, टायरच्या दुकानाच्या मालकानं तेराव्यासाठी उचल दिली होती त्यातले उरलेले. मी म्हणालो, देत नाही.

कुणी रागावलं नाही. शेटे म्हणाला, "बरं. वरण-भात खाणार का?"

का देत नाही, ते मला सांगता येत नव्हतं. बिल दिलं की हे उठणार, मुरली टेबल पुसणार, आणि दादाचं जेवण झालं असं होणार. आमच्या घरी सगळे म्हणत होते की आता सगळं पार पडलं. मंडपवाल्याचं झालं, भटजीचं झालं. इथं एक काहीतरी राहिलं होतं. ते मी माझ्या हातानं कसं संपवू?

मी विचारलं, पार्टी कशाची होती?

ते त्यांनाही माहीत नव्हतं. दादा म्हणाला होता, आधी जेवा, मग सांगतो. शेटेला वाटत होतं लग्न ठरलं असेल. मॅडमना वाटत होतं पगार वाढला, पण पगाराचे कागद त्याच करतात आणि त्यांनी तो वाढवलेला नव्हता. साहेब म्हणाले की तो सकाळपासून शीळ घालत होता, एवढंच मला माहीत. घरी पण तो काही बोलला नव्हता. निघताना आरशात दोनदा बघितलं होतं, पण ते तो रोजच बघायचा. मी आठवून आठवून थकलो.

तेवढ्यात मॅडमची मुलगी दप्तर घेऊन आली. आई, उद्या तरी येशील का, असं तिनं अगदी साधं विचारलं, जसं पोरं पाणी मागतात. मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. मुलीची वेणी सुटली होती, ती घालत बसल्या. माझ्याकडं बघितलं असतं तर कदाचित मी दिलं नसतं.

मुरलीला बोलावून बिल मागितलं.

"टीटीएमएममध्ये दिगंबरचा नेहमी एक पदार्थ जास्त असायचा," शेटे मुरलीकडं बघत म्हणाला. "शेवटी एक शेवभाजी पार्सल. आम्ही चिडवायचो, रात्री परत भूक लागते का रे. तर म्हणायचा, अंकुशला गरम लागते."

मला वाटायचं की तो उरलेलं बांधून आणतो. मी त्याला कधी कधी म्हणायचोसुद्धा, साहेबांचं उष्टं आणलंस का. तो म्हणायचा, गप गिळ.

मी पैसे मोजले नाहीत, बसाप्पांनीच माझ्या हातातून बरोबर तेवढे घेतले. मॅडम मुलीचा हात धरून दाराकडं गेल्या. उंबऱ्यावर थांबल्या, एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. पाय परत आले नाहीत. रस्त्यावर जाऊन त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. शेटे गेला. त्यानं बाहेर पडलेली माझी सायकल उचलली आणि भिंतीला लावली.

तांबोळी साहेब काठीला टेकून उभे राहिले. "चल, तुझ्या आईला भेटायचंय. उशीर झालाय, पण येतो."

मुरली बडीशेपेची वाटी घेऊन उभा होता. टीप राहिली होती. अन्नछायात टीप दिल्याशिवाय बिलाचा निकाल लागला असं धरत नाहीत, पण ती फक्त जो पार्टी देतो त्याला लागू असते, बाकीचे सुटतात. साहेबांनी खिशात हात घातला. मी त्यांचा हात धरला आणि मुरलीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "राहू दे साहेब. टीप माझ्याकडून."

साहेबांचा हात खिशातच राहिला. आता ती दुसऱ्या कुणाला देता येणार नव्हती. मी पाकीट काढलं नाही.

"आईला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"दादाच्या टेबलावर बसलाय म्हणा. जेवतोय म्हणा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गेले. बसाप्पांनी गल्ल्यावरून मान वर केली, काय झालं ते पाहिलं आणि परत नोटा लावायला लागले. मुरलीनं तिघांची ताटं उचलली. माझ्यासमोरची जागा पुसली नाही.

मी त्याला म्हणालो की तुझे पैसे अडकले, राग मानू नकोस.

"टिपेची काही घाई नाही," तो म्हणाला. "काय आणू?"

मी विचारलं की त्या दिवशी दादाच्या ताटात काय उरलं होतं. त्यानं थोडा विचार केला. भरीत होतं, म्हणाला, आणि अर्धी भाकरी.

"तेच आण."

"वांगी संपली आज. सकाळी येतील."

मी म्हणालो, मग सकाळी.