बकरी भुकेल्या घरी

"बकरीतलं मले सांगू नोको," असं बाबाराव ठणकावून म्हणाले, तेव्हा त्यांच्यासमोर बिनसाखरेचा चहा होता आणि बशीत काकडीच्या चकत्या होत्या.

सुमित्राबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, काही सांगतही नव्हत्या. त्यांनी फक्त विचारलं होतं, "एवढ्या वर्षांत कधी बकरीले हात तरी लावला का?"

"माहं अर्धं लहानपण बकरीच्या पोटाखाली गेलं. दात पाहून वय सांगतो, चाल पाहून दूध सांगतो. सिंदीच्या बाजारात जातो, बकरी घेतो, गावात भुकेल्या घरी देतो अन् संध्याकाळी वापस. काय लागते त्याले?"

बाबाराव एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी भोंग्यावरून गाड्या सोडण्यात गेली, त्यामुळे कुठलंही काम त्यांना फलाटावर लागलेल्या गाडीसारखंच वाटायचं. घंटी वाजली की निघालंच म्हणून समजा. निवृत्त झाल्यावर त्यांनी सावंगीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मुलगी पौर्णिमा एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ. बाबारावांची साखर वाढल्याचं कळलं त्या दिवशी तिनं घरातून भात हद्दपार केला, मग गूळ, मग बटाटा आणि शेवटी भाकरीसुद्धा. सकाळी ओट्स, दुपारी उकडलेले मूग, संध्याकाळी काकडी. मधे भूक लागली तर पाणी. बाबारावांनी आयुष्यात खरी भूक दोनदा पाहिली. एकदा बहात्तरच्या दुष्काळात आणि दुसऱ्यांदा मुलगी शिकून मोठी झाल्यावर.

बकरीचं प्रकरण त्या पहिल्या भुकेतलं. बाप आधीच गेलेला. माय, जिजाबाई, खडी फोडायला जायची. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारीचा प्रकार, मिळायचा. तो शिजता शिजायचा नाही आणि शिजलाच तर गिळता यायचा नाही. सिंदीला डोमाजी किराणावाल्याकडे माय कधीमधी धान्य निवडायला जाई. एके दिवशी त्यांच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईनं, मायच्या हातात एका गाभण बकरीचं दावं दिलं.

"हे दान नोहे, जिजा," त्या म्हणाल्या होत्या. "हे पुढं द्याची वस्तू हाय. मलेई कोणं तरी अशीच देल्ती. हिले पहिली पाठ झाली का ते भुकेल्या घरी देजो. मले वापस आणजो नोको."

पाठ म्हणजे बकरीचं मादी पिल्लू. बकरीचं नाव मैना ठेवलं. मैना व्याली आणि मिलोच्या कण्यांवर दूध पडलं, तेव्हा त्या कण्या पहिल्यांदा गोड लागल्या. हिवाळ्यात बाबाराव मैनेच्या पोटाला टेकून झोपायचे. ती रवंथ करायची आणि त्या लयीत यांना झोप लागायची. अजूनही कुठं चघळलेल्या पाल्याचा आणि ओल्या केसांचा वास आला की बाबारावांना घर आठवतं. सुमित्राबाईंना फिनेल आठवतं.

पण मैनेनं एक घोटाळा केला. तिला बोकडच झाले. पहिल्यांदा बोकड, दुसऱ्यांदा बोकड, मग जुळे झाले तर तेही बोकड. दरवेळी माय उकिडवी बसायची, पिल्लाची शेपटी उचलून बघायची आणि "आलाच का रे बाबा तू" म्हणून कपाळाला हात लावायची. त्या बोकडांवर घर चाललं. बाबारावांच्या वह्या, चड्ड्या आणि दहावी हे सगळं बोकडांनीच पार पाडलं. मैना म्हातारी होऊन गेली, पाठ काही झाली नाही.

पुढे नोकरी लागली, भूक गेली. मायच्या डोक्यातून ती पाठ मात्र गेली नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसली तरी म्हणायची, "बाबू, अन्नपूर्णाबाईची पाठ राह्यली रे." बाबाराव म्हणायचे, "देऊ माय, देऊ." गेल्या वर्षी माय गेली. ते "देऊ" बाबारावांच्या घशात तसंच अडकून राहिलं. बुद्धमूर्तीशेजारच्या फोटोतून माय बघायची, आणि बाबाराव काकडी खाता खाता नजर चुकवायचे.

तर बाबाराव सिंदीच्या बाजारात पोचले. त्यांनी एका काळ्या बकरीचे दात बघितले, तिला चालवून बघितलं, पोटाला कान लावला आणि जाहीर केलं, "गाभण हाय." विकणारा म्हणाला, "मी तेच सांगून राह्यलो मघापासून."

गावापर्यंत ऑटो केला. मागच्या सीटवर एका बाजूला बाबाराव, दुसऱ्या बाजूला बकरी, मधे पौर्णिमानं बांधून दिलेल्या डब्याची पिशवी. बाबाराव बाहेर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वावरं बघत होते. कुठं मैनेला चारलं, कुठल्या बांधावर तिनं पाटलाची तूर खाल्ली आणि मार आपण खाल्ला, हे सगळं ते ऑटोवाल्याला सांगत होते. शेजारून कुरुमकुरुम आवाज येत होता तो त्यांना रस्त्याचा वाटला. गाव आलं तेव्हा डबा उघडा होता. काकडी गेली होती, मूग गेले होते, आणि बकरी पिशवीचा बंद चघळत होती.

वेशीवर बालमित्र बबनराव उभेच होते. "जय भीम, बाबू. सुकला काऊन रे एवढा?"

"घरचं जेवण," बाबाराव म्हणाले. "चाल, पहिले काम."

भुकेली घरं बाबारावांना तोंडपाठ होती. घोटाळा एवढाच की ती बहात्तर सालची होती. ज्या झोपडीतून तारे दिसायचे तिथं आता स्लॅब होता आणि स्लॅबवर डिश. तिथली सून म्हणाली, "काका, बकरी बांधाले जागा कुठी हाय? तिथी आमी गाडी ठेवतो."

मग प्रभाकरराव. शाळेतला सोबती, दोघांनी एकाच ताटलीत मिलो खाल्लेला.  बाबाराव बकरी घेऊन थेट अंगणात शिरले आणि डेपोत लावायचे त्याच आवाजात म्हणाले, "प्रभाकर, भुकेल्या घरी द्याची बकरी आणली. मले पहिले तूच आठवला."

अंगणात सतरंजीवर पाहुणे बसले होते. प्रभाकररावांच्या मुलाची सोयरीक ठरत होती आणि पोह्यांच्या ताटल्या नुकत्याच आल्या होत्या. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. प्रभाकररावांनी बाबारावांना दंडाला धरून गोठ्यामागे नेलं.

"कोणं सांगतलं तुले का आमी उपाशी हाओ म्हणून?"

"अरे, आपण संग मिलो खाल्ला..."

"तो पन्नास वर्षाआधी! पोराचं लगन मोडून राह्यला तू."

तेवढ्यात अंगणात गलका झाला. बकरीनं मुलीच्या मामाची ताटली साफ केली होती. तिचं हे दुसरं जेवण. बाबारावांचं पहिलंही व्हायचं होतं.

ते बाहेर आले तोवर गावभर झालं होतं की बकरी वाटप सुरू आहे. कोणीतरी मोबाइलवर फोटोही टाकला होता. पाराजवळ गर्दी जमली. एकानं विचारलं, पार्टी कोणती. दारात ट्रॅक्टर असलेला एक जण म्हणाला, "आमच्या घरी दोन द्या, भाऊ. माहं अन् पोराचं रेशनकार्ड येगळं हाय."

बाबाराव पाराच्या कट्ट्यावर चढले. "शांतता राखा. बकरी एकच हाय. दुसरी येनार नाई." लोक पुटपुटत पांगले. रद्द झालेल्या गाडीचे प्रवासी पांगतात तसे पांगले आणि तेवढ्याच शिव्या देत गेले.

बाबाराव मटकन खाली बसले. ज्यांना गरज होती ते कबूल करत नव्हते, ज्यांना नव्हती ते हात पसरत होते. मायचं काम आजही होणार नाही, बकरी घेऊन तिसऱ्या मजल्यावर परत जावं लागणार, या विचारानं त्यांच्या पोटात खड्डा पडला. खड्डा आधीचाच होता, आता आणखी खोल झाला.

"एक घर हाय," बबनराव म्हणाले. "सुलोचना. नवरा वारला तिचा. कापूस येचून दोन पोरी पोसते. लहानी पोरगी कोऱ्या चहावर हाय; वजन भरत नाई म्हणून अंगणवाडीची बाई बोलून राह्यली. पण ते घेईन नाई. लोकाईनं गव्हाचं पोतं नेलतं त् तिनं वापस पाठोलं."

गावाच्या टोकाला सुलोचनाचं घर. बाबारावांनी बकरी पुढे केली. सुलोचनानं नाही म्हणायलाही वेळ लावला नाही.

"फुकटचं घेत नाई मी, काका. पन तुमी बसा पहिले. तुमाले भोवळ येऊन राह्यली."

तिनं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल, कांदा. बाबारावांनी पहिला घास घेतला आणि त्यांना माय दिसली, चूल दिसली, मैना दिसली. त्यानंतर त्यांना काहीच दिसलं नाही. भाकरी येत होती आणि जात होती. बबनराव मधे एकदा खाकरले, तेही ऐकू आलं नाही. ताट पुसून झाल्यावर त्यांनी मान वर केली, तर दारात दोन पोरी उभ्या होत्या आणि रिकाम्या टोपल्याकडे बघत होत्या.

बाबारावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कित्येक वर्षांत अशी शरम वाटली नव्हती.

"राहू द्या, पीठ हाय अजून," सुलोचना हसून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तिच्या घरी माणूस पोटभर जेवला होता.

तेव्हा बाबारावांनी भोंग्याचा आवाज टाकला आणि साध्या आवाजात सगळं सांगितलं. मिलो, मैना, बोकड, आणि मायचं ते म्हणणं. "हे दान नोहे, पोरी. पुढं द्याची वस्तू हाय. हिले पाठ झाली का तू भुकेलं घर पाहून देजो. मले वापस नोको."

सुलोचनानं बकरीच्या पोटावरून हात फिरवला. "म्हंजे देनारी मी होईन?"

"तूच."

"घर मीच पाहीन? कोनाचं आयकनार नाई."

"तुह्याच मनानं."

तिनं दावं हातात घेतलं. बाबारावांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि बबनरावांना सांगितलं की कांदा तिखट होता.

पुढचे दिवस बाबारावांनी बबनरावांना फोन करकरून हैराण केलं. "व्याली का?" "नाई." "कशी दिसून राह्यली?" "बकरीसारखी." शेवटी एका सकाळी फोन आला. दोन पिल्लं. एक बोकड आणि एक पाठ. बाबाराव फोटोसमोर उभे राहिले. "माय, झाली वं," एवढंच म्हणाले, आणि मग लहान पोरासारखे रडले. सुमित्राबाईंनी त्या दिवशी पौर्णिमाच्या नकळत त्यांना गुळाचा खडा दिला.

थंडी सरली. धाकटी पोरगी दूध पिऊन अंग धरतेय, अशी बातमी आली. बाबाराव कॉलनीत सांगत फिरू लागले की लोकांची भूक ओळखायला नजर लागते.

मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. बाबाराव हातात ओट्सची वाटी घेऊन दार उघडायला गेले. दारात सुलोचना उभी होती. एका हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, दुसऱ्या हातात काळी कुळकुळीत पाठ. ती बबनरावांकडून पत्ता घेऊन एस.टी.नं आली होती आणि कंडक्टरनं पाठीचं तिकीट मागितलं म्हणून भांडूनही आली होती.

"आता दूध पिनं सुटलं तिचं," ती म्हणाली. "म्हणून आणली."

"अवं, वापस नाई आणाची. तसंच ठरलं होतं."

"वापस कुठी आणली?" सुलोचनानं बाबारावांना ओलांडून सुमित्राबाईंकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "काकू, वाईट वाटून घेऊ नोका. गावात मी लय घरं पाह्यली. पन त्या दिवशी काका जेवले नं, तसं भुकेलं मानूस मी जलमात पाह्यलं नाई."

आतून पौर्णिमा बाहेर आली. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. बाबारावांचे कान लाल झाले. ते ताठ उभे राहिले आणि भोंग्याचा सगळा आवाज काढून म्हणाले, "कोणं सांगतलं तुले का आमी उपाशी हाओ म्हणून?"

वाक्य जिन्यातून खाली गेलं आणि वर आलं. ते आपण कुठं ऐकलं हे बाबारावांना तेव्हा आठवलं.

 सुलोचनानं त्यांच्या हातातल्या वाटीत डोकावून बघितलं, पाठीला खाली सोडलं आणि दावं त्यांच्या हातात दिलं.

"हे दान नोहे, काका," ती समजुतीनं म्हणाली. "पुढं द्याची वस्तू हाय."

भिंतीवर फोटोत माय होती. जन्मभर जी पाठ भुकेल्या घरी पोचावी म्हणून ती झुरली, ती पोचली होती. आता भुकेलं घर तिच्याच लेकाचं निघालं, याला कोण काय करणार?

पाठीनं ओट्सची वाटी चाटून पुसून लख्ख केली. पौर्णिमानं एकदा फडक्यातल्या भाकरींकडे बघितलं, एकदा बापाकडे.

"एकच, बाबा," ती म्हणाली.

बाबारावांनी निमूटपणे ताट घेतलं आणि सगळ्यांत जाड भाकरी शोधू लागले.