हातात राखलेला ळ

शामरावजी डाव जिंकले की उठून उभे राहत, आपल्या डोक्यावरची काळी टोपी काढून हरलेल्याच्या डोक्यावर ठेवत आणि मोठ्या दुःखी चेहऱ्यानं म्हणत, "थोडक्यात गेलं रे तुयं!" ती टोपी माझ्या डोक्यावर इतक्या वेळा बसली की तिच्या तेलाचा वास मला माझ्या टोपीपेक्षा जास्त ओळखीचा झाला होता. खरं सांगतो, हरण्याचं दुःख नव्हतं. त्या 'थोडक्यात'नं अंगाचा तिळपापड व्हायचा. दणकून हरलो असतो तर गप्प बसलो असतो. पण एका गुणानं? आठवडाभर भाकर गोड लागायची नाही.

शामरावजी अमरावतीच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत. मी त्याच कचेरीत आत कारकून, वलगावच्या शेतकऱ्याचा पोरगा. सगळ्या वऱ्हाडाची गाऱ्हाणी शामरावजींच्या बोरूतून सरकारच्या टेबलावर जात. सहा दिवस दुसऱ्यांचे शब्द लिहायचे आणि सातव्या दिवशी, रविवारी दुपारी, राजापेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत शब्दांचाच खेळ मांडायचा, असा या माणसाचा नेम.

खेळ त्यांनी स्वतःच बसवलेला. मोडक्या दाराची सागाची फळी सुताराकडून कापून आणलेली, तिच्या चौकोनी सोंगट्या, आणि प्रत्येक सोंगटीवर तापल्या खिळ्यानं डागलेलं एकेक अक्षर. काना-मात्रा-वेलांटी ज्याला हवी त्यानं मनानं लावावी. "मात्रा देवाची, अक्षर आपलं," असा नियम. पिशवीतून न पाहता सात सोंगट्या उचलायच्या आणि चौकटी आखलेल्या कापडावर शब्दाला शब्द जोडत जायचं. हलक्या अक्षराला एक गुण, ळ, ढ, ठ असल्या अडेलतट्टू अक्षरांना दहा. गुण चिंचोक्यांनी मोजायचे. डाव दोघांचा, बाकीच्यांनी पाहायचं, आणि बोलू नका म्हटलं तरी बोलायचं. सगळ्यात मोठा कायदा शेवटी: हरलेल्याला उट्टं काढायचा हक्क. तो दारात येऊन म्हणेल तेव्हा जिंकणाऱ्यानं पुन्हा डाव मांडायचा, तिथं नाही म्हणायची सोय नाही.

येणारे आम्ही तिघं. मी, एक वकीलसाहेब आणि एक भटजी. तिघांना हरवायच्या तीन तऱ्हा शामरावजींकडे तयार होत्या आणि त्या ते आमच्यादेखतच सांगत. "वकिलाले मोठ्ठा शब्द मांडाची हौस. त्याच्या वाटंत एक ढ टाकून द्या, बसते मंग उकरत." भटजींची तऱ्हा वेगळी. त्यांना डावाआधी दोन वाट्या कढी-गोळे. तिसऱ्या शब्दापर्यंत भटजींची मान छातीवर. "आन हा आपला कारकून," माझ्याकडे बोट करून म्हणत, "याले काहीच करा लागत नाही. उतावळा हाय. सोताच मरते."

चांगली अक्षरं आली की ते कपाळावर हात मारून घेत. "कचरा आला रे बाप्पा, निरा कचरा!" वाईट आली की मिशीवरून बोट फिरवत गुणगुणत बसत. हे आम्हाला ठाऊक झालंय असं कळलं तेव्हा त्यांनी उलटं सुरू केलं, आणि तेही कळल्यावर दोन्ही एकदम. कपाळावर एक हात, मिशीवर दुसरा. वकीलसाहेब म्हणाले, "शामरावजी, तुमी कोर्टात पायजे होते." शामरावजी म्हणाले, "तुमी हाय ना तिथं, एक पुरे."

शब्दावर भांडण झालं की त्यांच्याकडे रामबाण तयार. एकदा त्यांनी 'इळा' मांडला. भटजी जागे झाले. "हा शब्द अशुद्ध आहे, विळा म्हणा."

"काहून? मी परवाच अर्जात लिहिला. भातकुलीच्या मानसाचा इळा चोरीले गेला होता. साहेबानं सही केली त्याच्यावर. आता तुमी साहेबापेक्षा मोठे का?"

भटजी पुन्हा झोपले.

शामरावजींचं आणखी एक वेड म्हणजे अकोला. कधी पाय ठेवला नव्हता, पण अकोल्याचं नाव काढलं की तोंड कडू. "तिकडं पानी खारं. खाऱ्या पान्यात डाळ शिजत नाही. जिथं डाळ शिजत नाही तिथं मानसाची अक्कल काय शिजन?" अमरावती सोडून आपण कुठं जात नाही, हे ते पदवीसारखं सांगत.

एका रविवारी दोघे लवकर गेले आणि मी सोंगट्या आवरायला थांबलो. नुकताच शामरावजींनी 'घाट' मांडून मला एका गुणानं लोळवलं होतं, टोपी अजून माझ्याच डोक्यावर होती. त्यांच्या पुढ्यातली उरलेली सोंगटी उचलली तर ळ! मी कापडाकडे पाहिलं. पुढची चौकट रिकामी. घ, ट आणि ळ. 'घोटाळा' झाला असता आणि मी अकरा गुणांनी गेलो असतो.

"शामरावजी, हे काय?"

त्यांनी सोंगटी माझ्या हातातून हिसकली. "दिसला नाही."

"तुम्हाला? ळ दिसला नाही?"

जरा वेळ ते पिशवीची नाडी आवळत बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लय मारानं हरलेला मानूस घरी जाऊन झोपते. थोडक्यात हरलेला पुढच्या रविवारी बारालेच दारात उभा राह्यते. समजलं? आता टोपी दे."

मी टोपी दिली. जाताना पहिल्यांदाच ती खोली नीट पाहिली. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगी लग्न होऊन जबलपूरला. दोरीवर एकच धोतर, फळीवर एकच ताट, आणि रविवारसाठी पुसून ठेवलेले चार पेले. इतके दिवस या माणसावर दात खाल्ले म्हणून स्वतःचाच राग आला.

त्यानंतर दोनच महिन्यांत माझी बदली झाली. अकोल्याला.

"अकोला?" शामरावजी म्हणाले. बाकी एक शब्द नाही. पाण्यावरही नाही, डाळीवरही नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी शेवटचा डाव माझा आणि त्यांचा. मला वाटलं, आज तरी दणकून हरवतील, आता कुणाला परत आणायचं आहे? पण कपाळावर हात नाही, गुणगुणणं नाही. पिशवी रिकामी झाली, चिंचोके मोजले आणि वकीलसाहेब ओरडले, "कारकून जिंकला! एका गुणानं!"

भटजींची झोप उडाली. शामरावजी हरले होते! मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मूठ घट्ट बंद होती. ती त्यांनी तशीच पिशवीत घातली आणि आत उघडली.

"थोडक्यात गेलं," ते म्हणाले. "पन हरल्याचा हक्क हाय. उट्टं काढाले येईन मी."

"अकोल्याला?" भटजींनी विचारलं.

"मंग काय करता? कायदा हाय ना!"

मी अकोल्यात घर मांडलं. दुसऱ्याच रविवारी दुपारी दारात टांगा. आतून शामरावजी उतरले. बडनेऱ्याला गाडी बदलून, धुळीनं पांढरे होऊन आले होते. काखेत सोंगट्यांची पिशवी, हातात फिरकीचा तांब्या. "अमरावतीचं पानी," त्यांनी माझ्या बायकोला बजावलं. "मले इथलं देऊ नका."

डाव मांडला. मी मनाशी ठरवलं होतं. या वयात या माणसानं दर वेळी गाड्या बदलत का यावं? आपणच थोडक्यात हरायचं, की हक्क आपल्याकडे आणि जायचंही आपण. शेवटी हातात ळ आला होता, तो मी मुठीत दाबला आणि हलकासा शब्द मांडला. चिंचोके मोजले. मी एका गुणानं हरलो.

शामरावजी उठले नाहीत. टोपीला हातही लावला नाही. त्यांचा चेहरा पार उतरला. उट्टं फिटलं होतं, आता अकोल्याला यायला कारण उरलं नव्हतं.

मग त्यांची नजर माझ्या हातावर गेली. "मूठ उघड."

"काही नाही शामरावजी."

"उघड म्हनतो ना!"

मी उघडली. ते ळकडे पाहत राहिले. आणि मग असे हसले की माझी बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. हसता हसता डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायचंही भान नव्हतं. उठून त्यांनी ती तेलकट टोपी माझ्या डोक्यावर दाबून बसवली. "शिकला रे बाप्पा! शिकला!"

"थोडक्यात गेलं माझं," मी म्हणालो. "पण हक्क आहे. पुढच्या रविवारी उट्टं काढायला येतो. बाराला."

"बारा म्हंजे बारा. कढी-गोळे करून ठेवतो," ते म्हणाले आणि तांब्याची फिरकी उघडून तो पालथा केला. थेंब नव्हता. जरा वेळ ते तांब्याकडे आणि माझ्या बायकोकडे आळीपाळीनं पाहत राहिले.

"सूनबाई, पानी दे वं."

तिनं पेला आणून दिला. शामरावजींनी तो एका दमात संपवला, मिशी पुसली.

"खारंच हाय," ते म्हणाले, आणि पेला पुन्हा पुढं केला.