आक्कासाहेबांच्या मोटारीची दुरुस्ती खरी की खोटी, याचा शोध केला ती हकीकत

श्रीगजाननास नमन, आणि यंत्रांत जी कोणी देवता वास करीत असेल तिलाही नमन. याउपर नमनाला घडाभर तेल घालावयाचे त्राण आम्हांत उरले नाही. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरे, चैत्रमासी राज्याच्या एकुलत्या एका मोटारीने घाटात दगा दिला. आत हुजुरांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब होत्या. त्यांची मूत्रपिंडे थकलेली, सबब घाटापलीकडील दवाखान्यात वरचेवर जाऊन डायालिसिस करून घ्यावे लागे. ऐन वळणावर इंजिन आचके देऊ लागले, समोर पिवळा दिवा लागला, आणि मोटार दरीकडे मागे घसरली. येसबा हुजऱ्याने उडी टाकून चाकाखाली दगड लोटिला म्हणोन जीव वाचले.

मग दस्तगीर मिस्त्री पाचारिले. त्यांनी स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडून इंजिनाची जबानी घेतली, तो एक सिलिंडर नीट पेट घेत नाही ऐसे कळो आले. मग प्लग बदलिला आणि इंजिनाने नोंदून ठेविलेला खोटीचा कोड पुसिला आणि दिवा विझला. हुजूर संतोष पावले, पेढे आणविले. तो मिस्त्री अदबीने बोलिले, "सरकार, पेढे राहू द्या. दिवा मीच विझवलाय. इंजिन चालता चालता स्वतःची तपासणी करतं. एका फेरीत खोट दिसली तर नुसती ध्यानात ठेवतं, पुढच्या फेरीत पुन्हा दिसली तरच दिवा लावतं. सगळ्या तपासण्या पुऱ्या होऊनही दिवा लागला नाही, तर दुरुस्ती खरी." आक्कासाहेब बोलिल्या, "तोवर मी आपली एस.टी.ने जाईन. पुन्हा मागे घसरायची माझी छाती नाही." हे हुजुरांचे वर्मी लागले. आपली मोटार असता भगिनीने एस.टी.त धक्के खावे, लोक काय म्हणतील?

मग नित्य स्वारी निघो लागली. बाजारपेठेतून हळू, मग मोठ्या सडकेने एका वेगाने, आणि साक्षीस मागील आसनावर आम्ही, ही हकीकत लिहिणार. आमची कंबर कामी आली, त्याची दाद कोण घेतो? आणि नित्य सकाळी मिस्त्री येऊन स्कॅनर लावीत, आणि स्कॅनर म्हणे, तपासणी अपुरी. पुन्हा स्वारी, पुन्हा अपुरी. मिस्त्री कपाळास हात लावीत, दरबारी मिस्त्रीस बोल लावीत, आणि वैशाख डोक्यावर तापत होता. शेवटी हुजूर कावले. म्हणाले, "बस्स झाले! दिवा विझलेला आहे तो आहे. येत्या खेपेस आक्का मोटारीनेच जाईल." दरबारी म्हणाले, वाहवा. आम्हीही म्हणालो, खोटे का लिहावे. बसून बसून जीव विटला होता.

त्याच सांजेस आक्कासाहेब एस.टी.तून उतरून, भिंतीस धरीत धरीत अंगणात आल्या, तो येसबा पाना घेऊन बोनेटात वाकलेला. "काय रे करतोस?" येसबा म्हणाला, "बॅटरीची वायर काढतोय, आक्कासाहेब. थोरल्या सरकारांची आज्ञा हाय, दिवेलागणीला वायर काढायची, न्हाईतर बॅटरी उतरती. सकाळी मिस्त्री यायच्या आत लावून ठेवतो." थोरले सरकार, म्हणजे हुजुरांचे तीर्थरूप, कैलासवासी होऊन जमाना लोटला, त्यांच्या वेळची मोटारही भंगारात गेली, परंतु आज्ञा कोणी मागे घेतली नव्हती. आक्कासाहेब मटकन पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "अरे देवा! म्हणजे दिवसभर त्या इंजिनाने ध्यानात ठेवावं, आणि सांजेला वायर काढून तू विसरायला लावावंस. आज हात लावू नकोस." येसबाने प्रथमच आज्ञा मोडिली, आणि बिचारा रात्री जेवला नाही.

दुसरे दिवशी खासा हुजूर स्वारीत बसले. वेस ओलांडून चढ लागताच पिवळा दिवा लागला. मोटार कशीबशी माघारी आणिली. मिस्त्रींनी जबानी घेतली: सिलिंडर तोच, खोटही तीच. इंजिन पहिल्या दिवसापासून आजारीच होते. हुजुरांनी संतापे स्कॅनर हिसकावून फरशीवर आपटावयास हात उगारिला. तो आक्कासाहेब बोलिल्या, "बापू, खरं बोललं म्हणून त्याला मारतोस? तू मला रोज म्हणतोस, आक्का, आज तुझा चेहरा टवटवीत दिसतो. मी तुला कधी मारलं का?" हुजुरांचा हात तसाच राहिला. मग हुजुरांनी स्कॅनर मिस्त्रींचे हाती दिला आणि हळूच पुसिले, "आक्का, डॉक्टर काय म्हणतात?" आक्कासाहेब म्हणाल्या, "आज विचारलंस होय? ये बस."

पुढले खेपेस हुजूर एस.टी.त आक्कासाहेबांशेजारी बसून दवाखान्यात गेले, आणि सुया टोचताना प्रथमच पाहिले, आणि बाहेर येऊन रडले.

तात्पर्य, मिस्त्रींनी मग प्लगास ठिणगी पुरविणारी कॉइल बदलिली, वायर जागेवर राहिली, तपासण्या पुऱ्या होऊन दिवा लागला नाही, सबब मोटार बरी जाहली. आक्कासाहेबांस बरे वाटत नाही, आणि हल्ली तसे त्यांस म्हणता येते. इति.