बैलांना नावं ठेवणारा डॉक्टर

मरायला टेकलेल्या माणसाच्या उशाशी बसून त्याच्या बैलांना नावं ठेवणारा डॉक्टर तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. नागभीडकडच्या एका गावात मी शाळामास्तर होतो आणि मनोहर डॉक्टर माझे शेजारी.

त्यांच्या दवाखान्यात दाराजवळची एक खाट अगदी अत्यवस्थ रोग्यासाठी राखलेली असे. हिवताप मेंदूला चढून बेशुद्ध पडलेल्या सुखराम नावाच्या शेतकऱ्याला बैलगाडीतून आणून तिथंच निजवलं. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला वेळच नव्हता. डॉक्टरांनी क्विनीन टोचलं, स्टूल ओढलं आणि तोंड सोडलं.

"काऊन रे सुखराम, औंदा शंकरपटात तुझी जोडी शेवटी आली म्हणे? ते बैल हायेत का शेळ्या?"

सुखरामची बायको रडायची थांबून त्यांच्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, काही वेळकाळ?"

"थांबा हो मास्तर, तपासून राह्यलो! नाडी काय, झोपेतबी चालते. आठी पडली का समजावं, माणूस आत हाये."

आणि खरंच, सुखरामच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. डॉक्टर टाळी वाजवून ओरडले, "हाये! आत हाये!" आठवड्याभरात सुखराम बैलांची बाजू घेऊन त्यांच्याशी कडाकडा भांडत होता.

मग हे नेहमीचंच झालं. कोणाच्या धानाला नावं ठेव, कोणा बाईच्या भाजीला. बरे झालेले रोगी खास भांडायला परत यायचे आणि येताना तलावातले मासे घेऊन यायचे.

पुढच्या पावसाळ्यात तोच ताप डॉक्टरांना चढला. शुद्ध गेली. कंपाउंडरनं क्विनीन टोचलं, दाराजवळच्या खाटेवर त्यांना निजवलं आणि मला म्हणाला, "दवाई झाली मास्तर. आता भांडा."

माझी बोबडीच वळली! "डॉक्टर, तुमचं अक्षर फार गचाळ," एवढंच सुचलं. आठी नाही.

बातमी फुटली तशी गावोगावची माणसं दवाखान्याच्या वऱ्हांड्यात जमली, सगळी भांडायच्या तयारीनं. पण नावं ठेवायची कशाला? डॉक्टरांना ना बैल, ना शेत, ना बायको, ना लेकरू. सुखरामची बायकोच शेवटी म्हणाली, "याईचं सोताचं तं काईच नाई वो!"

डॉक्टर हातचे जाणार असं वाटायला लागलं.

तेवढ्यात सुखराम पुढं घुसला. डोळ्यांना धार लागलेली, आवाज मात्र चढा. "ओ डॉक्टर! तुमचे रोगी सारे मरतुकडे! तुमच्या हातचा एकबी धड नाई! मलेच पहा, अजून चालता येत नाई!"

डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. चांगली ठसठशीत. मग ओठ हलले.

"खोटं बोलते लेकाचा. चालून दाखव."

सुखराम रडत रडत वऱ्हांडाभर चालला. परत आला. कोणी पुरे म्हणेना, म्हणून पुन्हा चालला. डॉक्टर एक डोळा किलकिला करून त्याच्याकडे बघत होते.

"तुझ्या बैलांपरीस बरा चालतं रे," ते पुटपुटले.