मोडकांच्या बाह्या

फरीदाबादच्या जूनमध्ये माणसं बनियनवर बसतात. आमचे शेजारी मोडक मात्र मनगटापर्यंत बटणं लावून बसत. त्यांच्या कोपरांवर सोरायसिस आहे हे सगळ्या सेक्टरला ठाऊक होतं, कारण तेच सांगत सुटत. दाखवत मात्र नसत.

मोडक एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. घराण्याच्या आजारांचा वंशवृक्ष त्यांनी ट्रेसिंग पेपरवर काढला होता. आत्याचा आमवात, काकांचं कोड, बहिणीचा थायरॉइड, स्वतःचा सोरायसिस. कोपऱ्यात चौकट: रिव्हिजन सात.

"आजार वेगळे, पण मुळं एकमेकांत गुंतलेली," ते मला समजावत. "आपलीच फौज आपल्यावर उलटते. कुठे कातडीवर, कुठे सांध्यांवर."

"म्हणजे पुढच्या सगळ्यांना होणार?"

"छे! बहुतेकांना काही होत नाही. पण ड्रॉइंग पूर्ण हवं."

तेव्हा नव्या कंपन्या येत होत्या, पगार वाढत होते आणि मुलांच्या आयांचा तोराही. मोडकांच्या मुलीला, मेधाला, बघायला कोणी आलं की पोह्यांबरोबर ड्रॉइंगची एक प्रत मिळे. तीन स्थळं पोहे संपवून गेली ती गेलीच.

"लग्न जमवताय की मशीन विकताय?" सुनंदावहिनी नवऱ्यावर कडाडल्या.

मीही म्हटलं, "साखरपुडा झाल्यावर सांगा की."

मोडक हळूच म्हणाले, "हिला लग्नानंतरच कळलं. बघायला गेलो तेव्हा आईने भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावला होता."

चौथं स्थळ नोएडाचं. मुलगा मेधाला मनापासून आवडलेला. मदतीला मी होतेच. मुलाच्या आईने चष्मा लावून ड्रॉइंग वाचलं आणि वहिनींना विचारलं, "तुम्हाला लग्नाआधी माहीत होतं?"

मोडकांची मान खाली गेली.

"होतं की," वहिनी म्हणाल्या. "चहाचा कप घेताना यांची बाही सरकली होती."

"मग?"

"मग काय? साखर पुरेशी आहे का विचारलं."

बाई हसल्या. "पेन द्या बरं. मलाही थायरॉइड आहे, मेधाच्या शेजारी आमची फांदी काढून लिहिते."

वहिनी खरं बोलल्या की वेळ मारून नेली, हे मी आजवर विचारलेलं नाही. मोडकांनीही नाही. पाहुणे गेल्यावर ते पंख्याखाली बसून बाह्या दुमडू लागले. सवय नव्हती, उजवी जमेना. वहिनींनी हातातल्या बशा खाली ठेवल्या आणि ती कोपराच्या वर सरकवून दिली.

"इतकी वर्षं उगाच उकडून घेतलंत," त्या म्हणाल्या.